दोन ऑक्टोबरनंतर काय?

एक मुलगा गायब होतो. अख्खं गाव खोटं न बोलता खोटी साक्ष देतं. आणि सात वर्षांनी सगळं पुन्हा उकरलं जातं... ‘दृश्यम’चा सीक्वल बघून झाला असेल, तर चला, जरा सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक चक्कर मारून येऊ!

दोन ऑक्टोबरला तुम्ही कुठे होतात?

हसलात ना? आता हा प्रश्न सरळ राहिलेलाच नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कोणी तो विचारला, की चार जण एका सुरात पणजी, सत्संग आणि पावभाजीची यादी म्हणून दाखवतात. गांधी जयंतीला मोबाइलवर बापूंच्या फोटोपेक्षा विजय साळगावकरचे विनोदच जास्त येतात. एखाद्या सिनेमाने कॅलेंडरमधली एक तारीखच स्वतःच्या नावावर करून घ्यावी, हे भाग्य भल्याभल्या सिनेमांना लाभत नाही.

पण गंमत बाजूला ठेवून खरंच आठवून बघा. गेल्या वर्षीचा दोन ऑक्टोबर. सकाळी काय खाल्लंत? कोण भेटलं? नाही आठवत? मग मागच्या महिन्यातला दुसरा मंगळवार? तोही नाही? घाबरू नका, कुणालाच आठवत नाही. ‘दृश्यम’ची सगळी इमारत उभी आहे ती माणसाच्या याच साध्या, रोजच्या, बिनगुन्हेगारी विसरभोळेपणावर.

(स्पॉयलर अलर्ट! दोन्ही भाग अजून पाहिले नसतील तर अंक मिटा, आधी सिनेमे बघा. आम्ही थांबतो.)

मल्याळी बीज, मराठी माती

थोडी उजळणी. मूळ ‘दृश्यम’ मल्याळम. दिग्दर्शक जीतू जोसेफ, हीरो मोहनलाल, साल २०१३. मग कन्नड आणि तेलुगू रिमेक झाले, तमिळमध्ये कमल हासनचा ‘पापनासम’ आला, पुढे श्रीलंकेत सिंहलीत आणि २०१९ मध्ये चक्क चिनी भाषेतही ही गोष्ट जाऊन पोचली. हिंदीत ती आली ३१ जुलै २०१५ ला, आणि ती आणली आपल्या निशिकांत कामतने. ‘डोंबिवली फास्ट’, ‘मुंबई मेरी जान’, ‘लय भारी’वाला निशिकांत! १७ ऑगस्ट २०२० ला, पन्नाशीतच तो गेला. २०२२ चा दुसरा भाग अभिषेक पाठकने दिग्दर्शित केला.

निशिकांतच्या सिनेमात एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. डोक्यावर छप्पर आहे, बायको-मुलं आहेत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि एक दिवस काहीतरी असं घडतं, की हा शामळू गृहस्थ कुणालाच ओळखू येत नाही. ‘डोंबिवली फास्ट’मधल्या माधव आपटेने बॅट उचलली. विजय साळगावकरने काय उचललं? कॅलेंडर! दोघांमध्ये जास्त धोकादायक कोण, ते तुम्हीच ठरवा.

हिंदी अवतारात गोष्ट गोव्यात, पांडोलिम नावाच्या छोट्या गावात आली आणि पडदा आपल्या ओळखीच्या चेहऱ्यांनी भरला. गायतोंडे झालेला कमलेश सावंत (त्याला थिएटरात लोक अक्षरशः शिव्या घालत होते, आणि नटाला याहून मोठी पावती नाही!), धाकटी अनू झालेली मृणाल जाधव, केबलच्या दुकानातला पोरगा झालेला प्रथमेश परब. दुसऱ्या भागात शेजारीण जेनी झालेली नेहा जोशी आणि डेव्हिड झालेला सिद्धार्थ बोडके. भाषा हिंदी, पण घर आपलंच.

तारीख मागे सरकवायची कशी?

विजय साळगावकर चौथी नापास. केबलचा धंदा आणि सिनेमे बघायचं व्यसन. त्याच्या मोठ्या मुलीचा चोरून व्हिडिओ काढून ब्लॅकमेल करणारा सॅम झटापटीत मरतो. सॅम म्हणजे आयजी मीरा देशमुखचा एकुलता एक मुलगा. आता काय?

विजय साक्षीदारांना विकत घेत नाही, धमकावत नाही, कुणाला खोटं बोलायलाही सांगत नाही. तो बायको-मुलींना घेऊन पणजीला खरोखर जातो. सत्संग खरा, हॉटेल खरं, सिनेमा खरा, जेवण खरं. खोटी असते ती फक्त तारीख. घटना घडून गेल्यावर तो त्याच माणसांना पुन्हा भेटतो आणि बोलता बोलता सहज दोन आणि तीन ऑक्टोबरचा उल्लेख सोडतो. बस कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरातला ऑपरेटर... पोलीस विचारायला येतात तेव्हा सगळे छातीठोक सांगतात, हो साहेब, दोन तारखेला इथेच होते! आणि त्यातला एकही माणूस खोटं बोलत नसतो.

सिनेमात चालतं हो असलं, असं म्हणून सोडून देऊ नका. मानसशास्त्राने याचे प्रयोग केव्हाच करून ठेवलेत. अमेरिकेत १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या दोघांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या. मग विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता? ‘आदळल्या’च्या जागी एका गटाला भयंकर शब्द दिला, तर दुसऱ्याला अगदी सौम्य. भयंकर शब्दवाल्यांनी सरासरी ताशी ४० मैलांच्या वर वेग सांगितला, सौम्य शब्दवाल्यांनी ३२ च्या आसपास. फिल्म तीच बरं का! त्याच धर्तीच्या दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, काचा फुटलेल्या पाहिल्यात का? भयंकर शब्द ऐकलेल्यांपैकी ३२ टक्के म्हणाले, हो. फिल्ममध्ये एकही काच फुटलेली नव्हती.

पुढे १९९५ मध्ये लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी जॅकलिन पिकरेल यांनी आणखी धमाल केली. मोठ्या माणसांना सांगितलं, लहानपणी तुम्ही एका मॉलमध्ये हरवला होतात, तुमच्या घरच्यांनीच सांगितलंय. असं काही घडलेलंच नव्हतं. तरी २४ पैकी साधारण चौथा हिस्सा लोकांना ते थोडंफार ‘आठवलं’. काहींनी तर वर तपशीलही पुरवले!

म्हणजे आठवण ही व्हिडिओ कॅसेट नाही, की रिवाइंड केली आणि बघितली. आठवण म्हणजे दर वेळी नव्याने टाकलेली फोडणी. डाळ तीच, पण काल कुणीतरी शेजारी बसून हिंगाचं नाव काढलं, की आज आपल्याला हिंगाचा वास येतोच येतो. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरून सुटलेल्या कैद्यांच्या निम्म्याहून जास्त प्रकरणांमध्ये प्रत्यक्षदर्शीने चुकीचा माणूस ओळखलेला होता. बहुतेक साक्षीदार प्रामाणिक होते. त्रास तिथेच आहे!

विजय शुक्रवार पेठेत राहायला आला तर?

आता एक खेळ खेळू. समजा, हा विजय साळगावकर पांडोलिमऐवजी सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहायला असता तर?

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख. म्हणजे कागदावर हे काही छोटं गाव नाही. पण पेठेत राहिलेल्या कुणालाही विचारा. पेठ म्हणजे शहराच्या पोटातलं गावच. बोळात पाय टाकला की पहिला प्रश्न, काय बे, कुठं निघालास? नवा चेहरा दिसला की दुसरा प्रश्न, कुणाचा रे तू? एका भिंतीपलीकडे मराठी, दुसऱ्या भिंतीपलीकडे कन्नड, पुढच्या वळणावर तेलुगू, त्यापुढे दख्खनी उर्दू. आणि कुणाच्या घरी किती वाजता कोण आलं, ही बातमी चारही भाषांमध्ये एकाच वेळी फिरते. अण्णांना कळलं की अक्कांना कळलं, अक्कांना कळलं की संपलंच!

पुण्यात हिंजवडीला, नाहीतर बंगळुरूला नोकरी करणाऱ्या सोलापूरकर पोरापोरींना हे पक्कं ठाऊक आहे. सुट्टीला गाडीतून उतरून रिक्षा पेठेच्या तोंडाशी येते न येते, तोवर घरी फोन गेलेला असतो, तुमचा बारक्या आला बघा. फ्लॅट संस्कृतीत समोरच्या दारावरची पाटी वाचायला वर्ष लागतं. इथे पाटी कशाला हवी?

मग अशा पेठेत विजयची ट्रिक चालेल?

पहिलं उत्तर, छे! इतके डोळे असताना? पण थांबा. डोळे खूप असणं आणि तारीख लक्षात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, विजयने पणजीच्या सत्संगाऐवजी अक्कलकोट निवडलं. सोलापूरपासून तासाभराचा रस्ता, स्वामींचं दर्शन, अन्नछत्रात महाप्रसाद, संध्याकाळी परत. पेठेतल्या निम्म्या घरांनी ही फेरी इतक्या वेळा केलेली असते, की एक फेरी दुसरीत मिसळून जाते. परत आल्यावर विजय बोळात प्रसाद वाटणार आणि सहज म्हणणार, अमुक तारखेला जाऊन आलो. महिन्याने पोलीस आले, की सगळे सांगणार, हो हो, प्रसाद दिला होता की त्यांनी!

आणि तरीही विजय इथे अडकू शकतो. कशामुळे? वारामुळे! अक्कलकोटला गर्दी गुरुवारची. त्याने सरकवलेली तारीख गुरुवारची निघाली, तर कुणीतरी मावशी हमखास म्हणणार, त्या गुरुवारी तर मीच होते तिथे सकाळपासून, हे कुठं दिसले?

मानसशास्त्र काय म्हणतं, तर आपण तारखा आठवत नाही, खुंट्या आठवतो. लग्न, बाळंतपण, परीक्षा, सण. त्या खुंट्यांना बाकीचे दिवस टांगलेले असतात. सोलापुरात सगळ्यात मोठी खुंटी म्हणजे गड्डा! जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, सिद्धेश्वरांची यात्रा आणि नंदीध्वजांची मिरवणूक. कुठल्याही जुन्या सोलापूरकराला विचारा, हे कधी झालं? तो महिना सांगणार नाही. तो सांगणार, गड्ड्याच्या आधी. किंवा गड्डा उठल्यावर. गिरण्या चालू होत्या तोवर दिवसाचीही खुंटी होती, मिलचा भोंगा. अख्ख्या शहराचं घड्याळ एकच.

विजय साळगावकरची खरी हुशारी आता लक्षात येते. दोन ऑक्टोबर ही सगळ्या देशाची खुंटी आहे. सुट्टी, ड्राय डे, शाळेत भाषणं. त्याने आपली ट्रिप त्या खुंटीला लटकवली आणि बाकीच्यांनी ती तिथेच पाहिली. एखादी साधी आठ जुलै निवडली असती, तर कुणाला काही आठवलंच नसतं. ना खरं, ना खोटं.

आणखी एक. ही गोष्ट २०१५ ची आहे, म्हणून जमली. यूपीआय २०१६ चं. स्वस्त डेटाचा पूर २०१६ च्या शेवटी आला. टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा झाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. आज पावभाजीच्या गाडीवर साठ रुपये दिले तरी त्यावर तारीख, वार, मिनिट, सेकंद सगळं छापलेलं असतं. बोळाच्या तोंडाला कॅमेरा, खिशात टॉवरचं लोकेशन. मावशी विसरतील हो, सर्व्हर कसा विसरेल?

सीक्वल का लागतो?

म्हणूनच १८ नोव्हेंबर २०२२ ला आलेला ‘दृश्यम २’ पहिल्याची कॉपी मारत नाही. (मूळ मल्याळम दुसरा भाग फेब्रुवारी २०२१ मध्ये थेट ओटीटीवर आला होता.) पहिल्या भागात विजय लोकांच्या आठवणींशी खेळला. दुसऱ्यात तो पुराव्यांशी खेळतो. हाडं, प्रयोगशाळा, छापलेलं पुस्तक. पोलीस स्टेशनची जमीन खणली जाते, सांगाडा सापडतो, विजय कबूल होतो, आणि कोर्टात डीएनए जुळतच नाही! कारण त्याने वर्षानुवर्षं त्याच एका दिवसाची तयारी केलेली असते. हिंदीत या सिनेमाने दोनशे कोटींच्या वर धंदा केला, तेव्हा ट्रिक लोकांना आवडली हे उघड आहे.

पण ट्रिकपेक्षाही अंगावर येतो तो पहिला तास. बरेच जण म्हणाले, स्लो आहे, काही घडतच नाही. अहो, तोच तर सिनेमा आहे! केस बंद झाली, पण घर सुटलं का? मोठी अंजू रात्री दचकून उठते, तिला फिट येतात. नंदिनी पोलिसांची गाडी दिसली की थिजते. शेजारणीशी मैत्री करते आणि ती शेजारीणच पोलिसांची माणूस निघते. गाव एकीकडे विजयला हीरो मानतं आणि दुसरीकडे चहाच्या टपरीवर मुलीबद्दल वाट्टेल ते बोलतं. विजय स्वतः थिएटर काढतो, सिनेमा काढायच्या गप्पा मारतो, पण त्याची नजर कायम रस्त्यावर.

पहिला भाग विचारतो, वाचतील का? दुसरा विचारतो, वाचले, पण जगतायत का? सीक्वल काढायचाच असेल तर असा काढावा. बाकी आपल्याकडे आकडा वाढवून तीच भाजी पुन्हा गरम करणारे कमी नाहीत.

मराठीत या जातीचं उदाहरण म्हणजे ‘समांतर’. सुहास शिरवळकरांची कादंबरी, त्यावरची वेब सिरीज. पहिला सीझन मार्च २०२० मध्ये सतीश राजवाडेचा, दुसरा जुलै २०२१ मध्ये समीर विद्वांसचा. स्वप्नील जोशीचा कुमार महाजन पहिल्या सीझनभर एका माणसाचा शोध घेत फिरतो, कारण त्या सुदर्शन चक्रपाणीने जगून झालेलं आयुष्य कुमारला पुढे जगायचं आहे. म्हणजे हरवलेला माणूस शोधायला निघालेला स्वतःच हरवत जातो. दुसऱ्या सीझनला तो सापडल्यानंतरची किंमत मोजतो. लॉकडाऊनमध्ये एका रात्रीत सगळे भाग संपवलेल्यांनी हात वर करा!

सात वर्षंच का?

आता एक बारीक गोष्ट. दुसऱ्या भागात काळ सात वर्षांनी पुढे सरकतो. सातच का? लेखकाच्या डोक्यात काय होतं ते त्यालाच माहीत. पण आपल्या कायद्यात सात या आकड्याला वजन आहे.

एखाद्या माणसाची, ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती अशा लोकांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. पूर्वी हे भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम १११ आहे. सोप्या भाषेत, सात वर्षांनी कोर्ट तो माणूस मृत असल्याचं गृहीत धरू शकतं. मात्र कुठल्या तारखेला गेला, ते गृहीत धरत नाही.

आणि हो, सिनेमा बघून बऱ्याच जणांचा समज होतो, की बॉडी नाही तर केस नाही. साफ चूक! सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या रमा नंद खटल्यात स्पष्ट केलंय, की मृतदेह सापडला नाही तरी बाकीचा पुरावा भक्कम असेल तर खुनाची शिक्षा होऊ शकते. उलट पोलिसांसमोर दिलेला नुसता कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. विजय साळगावकरला यातली दुसरी गोष्ट चांगलीच माहीत होती. पहिलीच्या वाटेला मात्र तुम्ही जाऊ नका.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रातही हा हिशोब होताच. परदेशी गेलेल्याची बारा वर्षं खबर आली नाही, की पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करायचे. क्रूर वाटतं? मागे राहिलेल्या माणसांच्या बाजूने बघा. वाट बघण्यालाही कुठेतरी शेवट लागतो.

तो शेवट नाकारणारी एक बाई महाराष्ट्राला चांगली ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१, पानिपत. सदाशिवरावभाऊ पडले हे सगळ्यांनी मानलं, पण पार्वतीबाईंनी मानलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत सौभाग्यलेणं उतरवलं नाही. आणि मग या गायब होण्याचाही सीक्वल आला! मीच भाऊसाहेब म्हणत एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली, किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी त्यावर ‘तोतयाचे बंड’ नाटक लिहिलं. एवढे लोक त्या तोतयाच्या मागे का गेले? त्यातल्या काहींना राजकारण करायचं असेल. पण काहींना भाऊ परत यायला हवे होते म्हणून ते दिसले असणार. लॉफ्टसबाईंचा जन्म व्हायला अजून पावणेदोनशे वर्षं बाकी होती.

मीरा देशमुखची बाजू

आपण सगळे विजयच्या बाजूने बसून सिनेमा बघतो. साहजिक आहे. पण दुसऱ्या भागात तब्बू पडद्यावर येते तेव्हा नीट बघा. ती आणि रजत कपूरने केलेला सॅमचा बाप, दोघंही एकच गोष्ट मागत असतात. न्याय पुढची गोष्ट, मुलाचं काय झालं तेवढं सांगा, त्याचं शेवटचं काही असेल तर द्या. शेवटी त्यांच्या हातात अस्थी पडतात, तेव्हा आपल्यालाही सुटल्यासारखं वाटतं. मुलगा गुन्हेगार होता, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही.

पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी या अवस्थेला नाव दिलं. मराठीत म्हणू, अधांतरी दुःख. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. बॉस यांनी १९७० च्या दशकापासून यावर काम केलं. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची कुटुंबं त्यांनी पाहिली. त्यांचं म्हणणं असं, की हे दुःख सगळ्यात अवघड, कारण ते संपतच नाही. शेजारीपाजारी भेटायला येऊ शकत नाहीत, कारण येऊन म्हणायचं काय? दिवस घालता येत नाहीत. खोली आवरावी तर अपराधी वाटतं, न आवरावी तर ती रोज समोर. फोनचा नंबर बदलता येत नाही. त्याचा फोन आला तर?

आणि हे फक्त सिनेमात घडत नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये संसदेत आकडा दिला. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात १३ लाखांहून जास्त मुली आणि महिला बेपत्ता झाल्याची नोंद झाली. यादीत वरच्या राज्यांमध्ये आपला महाराष्ट्र आहे. यातल्या पुष्कळ जणी पुढे सापडतात, परत येतात. काही स्वतःच्या मर्जीने घर सोडतात, काही फसवून नेल्या जातात. पण प्रत्येक नोंदीमागे निदान काही रात्री तरी एक घर दाराकडे बघत जागं असतं.

पेठेची दुसरी बाजू इथे दिसते. सगळ्यांना सगळं माहीत असलेल्या जागी कोणी हरवलं, की मदतीला चाळीस माणसं धावतात. बसस्टँड, रेल्वे स्टेशन, तळं, सगळं एका रात्रीत पालथं घालतात. आणि त्याच चाळीस तोंडांतून दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू होते. मुलगी असेल तर ‘पळून गेली’. मुलगा असेल तर ‘पैशाची भानगड’. बाप असेल तर ‘दुसरं घर’. कुणी वाईट हेतूने बोलतच नाही. रिकामी जागा दिसली, की माणूस ती गोष्टीने भरतो. आठवड्याने तीच गोष्ट साक्ष होते. मी पाहिलं होतं हो तिला, निळा ड्रेस होता. खरंच पाहिलं होतं, की कुणीतरी निळा ड्रेस म्हणालं होतं?

घरचे लोक तक्रार द्यायला उशीर करतात, ते याच भीतीपोटी. पेठेत बोभाटा नको. आणि शोधाचे सगळ्यात मोलाचे पहिले तास तिथेच वाया जातात.

कोणी हरवलं तर... हे कापून फ्रिजवर लावा!

- चोवीस तास थांबायचा कायदा कुठेही नाही. तो टीव्ही सिरीयलवाल्यांचा शोध आहे. लगेच पोलीस ठाण्यात जा, ‘मिसिंग’ची नोंद करा, नोंदीचा नंबर घ्या. तातडीला ११२.
- हरवलेली व्यक्ती अठरा वर्षांखालची असेल तर नुसती मिसिंग नाही, गुन्हाच नोंदवला जायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ ला तसा आदेश दिलाय. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८.
- ताजा फोटो, शेवटचे कपडे, अंगावरची खूण, मोबाइल नंबर, शेवटचं बोलणं कुणाशी झालं. चर्चा करण्याआधी प्रत्येकाने आपापलं आठवेल ते वेगवेगळ्या कागदावर लिहून काढा. एकत्र बसून आठवायला लागलात, की एकाची आठवण दुसऱ्याची होते. (विजय साळगावकरला विचारा!)
- बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचे व्यवहार, फोनचं लोकेशन. डिलीट काहीही करू नका, फोन-लॅपटॉपचे पासवर्ड टाकून बघत बसू नका, पोलिसांना सांगा.
- सापडल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन तसं कळवा. आणि सोशल साइट्सवर टाकलेला फोटो, नंबर काढून टाका. सापडलेल्या माणसाला पुढचं आयुष्य त्या पोस्टरशिवाय जगायचं असतं.
- प्रकरण लांबलं, तर विम्याचे हप्ते बंद करू नका. सात वर्षांनंतर दावा करताना पॉलिसी जिवंत असावी लागते. वकिलाचा सल्ला लवकर घ्या.

वीकेंडचा बेत

तर मंडळी, या शनिवारी असं करा. दोन्ही ‘दृश्यम’ पाठोपाठ बघा. पहिला विजयच्या बाजूने, दुसरा मीराच्या बाजूने. वेळ उरला तर ‘डोंबिवली फास्ट’ पुन्हा बघा आणि निशिकांतला एक सलाम ठोका. सोलापुरात असाल तर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन बसा. पॉपकॉर्नला विचारतो कोण!

आणि सिनेमा संपल्यावर घरातल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. गेल्या गड्ड्याला, किंवा गणपतीला, किंवा दिवाळीच्या पहिल्या दिवशी आपण कुठे होतो, कोण कोण होतं, काय खाल्लं, ते न बोलता लिहायला सांगा. मग चिठ्ठ्या उघडा.

चार माणसांचे चार गड्डे निघतील. भांडण होईल, मोबाइलमधले फोटो काढले जातील, आईचं म्हणणं खरं निघेल किंवा सपशेल खोटं निघेल. हसून हसून पोट दुखेल. फक्त त्यानंतर कुणाबद्दल ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय’ असं म्हणायची वेळ आली, की जीभ जरा अडखळेल. पेठेत राहणाऱ्याची अडखळली, तर जास्तच चांगलं.